जनूबुवांनी पुकारलेली घरकुलं

आमच्या ग्रामपंचायतीचा फलक सगळ्यांत नियमितपणे कोण वाचायचं असं कुणी विचारलं, तर मी शेळ्यांचं नाव घेईन. शिपाई गव्हाच्या पिठाची खळ करून यादी चिकटवायचा आणि दुपारपर्यंत शेळ्या खळीसकट यादी फस्त करायच्या. फलकाला जाळीचं दार होतं, पण त्याचं कुलूप कुणीतरी काढून शाळेच्या पाण्याच्या टाकीला लावलं होतं. घरकुलाचे लाभार्थी, विहिरीचं अनुदान, रस्त्याच्या कामाची रक्कम, सगळं शेळ्यांच्या पोटात. मी मात्र पनवेलला पंचायत समितीच्या सभेला जाताना दाखला घेऊन जायचो. 'यादी फलकावर लावून व दवंडी देऊन प्रसिद्ध करण्यात आली.' फलकापुरतं ते खरं होतं. दवंडी देणारा गावात कुणी उरलाच नव्हता.

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहून द्या, असं संपादक म्हणाले. ही मला आठवणारी पहिली गंमत, आणि अजूनही मी ती मोकळेपणाने हसून सांगू शकत नाही. कारण शासनाचं अनुदान ज्याच्या नावावर मंजूर होतं, त्याच्या कानावर ते मुदतीत गेलं नाही तर मार्चअखेर ते परत जातं. या प्रसंगाआधीच्या माझ्या चार-पाच वर्षांत अशी किती घरं शेळ्यांनी खाल्ली, ते मला माहीत नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं. मी शोधलं नाही.

मी त्या वेळी ग्रामसेवक होतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा चिटणीस. घरपट्टी वसूल करणं, जन्ममृत्यू लिहिणं, ग्रामसभा भरवणं आणि वरून आलेला प्रत्येक पैसा कुणाला व कशासाठी मिळाला ते गावाला सांगणं, ही त्याची कामं. लोक त्याला भाऊसाहेब म्हणतात. एका पंचायतीत तीन-चार गावं आणि डोंगराच्या कुशीतली एखादी वाडी असते. माझ्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, माणसं हयात आहेत. पनवेलच्या एसटी स्टँडवरून गाडीने पाऊण तास आणि पुढे थोडी पायपीट, एवढं पुरे. एकोणनव्वद-नव्वदचा सुमार असेल. गाव आगऱ्यांचं. कुणाची भातशेती, कुणाची मिठागरं, आणि काहींच्या हातात जमिनीच्या मोबदल्याचे नवे पैसे. वाडी कातकऱ्यांची. त्यांना जमीन नव्हती. पावसाळा संपला की बहुतेक घरांतली माणसं आसपासच्या वीटभट्ट्यांवर कामाला जाऊन येत.

ग्रामसभेला कोणी येत नसे. शिपाई वही घेऊन घरोघर फिरे आणि सह्या-अंगठे गोळा करी. असा सगळा कागदोपत्री सुखाचा संसार चालू असताना मी गावातल्या एका लग्नाला गेलो.

त्या भागात लग्नात आहेर माईकवरून पुकारतात. ते काम जनूबुवांचं. भजनात पेटी वाजवायचे म्हणून बुवा, एरवी मिठागरावर काम करायचे. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की कर्ण्याची गरज फक्त शोभेपुरती. "काशिनाथ गोमा म्हात्रे यांजकडून नवरदेवास आहेर रुपये एकवीस. दोनावर एक, एकवीस. मंडळ आभारी आहे." आकडा दोनदा सांगायची त्यांची पद्धत होती, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. मांडवात आठशे माणसांचा गोंधळ, पण आहेर सुरू झाला की बायका पोरांना गप्प करत. कुणी किती दिले, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं.

मी पंगतीत भात कालवता कालवता थांबलो. ज्या गावात सरकारचा कागद कुणी ऐकत नाही, त्याच गावात पैशाची जाहीर यादी माणसं कान देऊन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी बुवांना गाठलं. "बुवा, ग्रामसभेत माझी यादी पुकाराल का?"

"तुमची म्हंजे कनाची?"

"सरकारची. घरकुलं, शेळ्या, विहिरी. कुणाला काय मंजूर झालं ते."

बुवा हसले. "तुमी इतकी वर्षं कागद लावलेत. मना वाटलं गावाला कलू नये म्हनूनच लावतान."

सरपंच आप्पांना कल्पना आवडली. आप्पा म्हणजे मोठा शेतकरी, वीटभट्टीचा मालक, मनाने दिलदार आणि कौतुकाचा भुकेला. त्यांनी स्वतः पनवेलहून लाऊडस्पीकर भाड्याने आणला आणि बुवांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "नुसतं शासनाकरून काय बोलतोस? रूक्ष लागतं. माझा पन नाव घे."

ती ग्रामसभा मी कधी विसरणार नाही. शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. वाडीवरचे कातकरीही आले होते, एका कडेला उकिडवे बसून. बुवांनी विहिरी वाचल्या, रस्ता वाचला, मग शेळीगट. शेळीगटात एक नाव रघुनाथचं होतं. रघुनाथचं पनवेलला स्टँडसमोर कापडाचं दुकान. त्याचं नाव कुणाच्या ओळखीने यादीत शिरलं होतं, मला माहीत होतं आणि मी बोललो नव्हतो. बुवांनी ते नाव नेहमीच्या थाटात, आकडा दोनदा सांगून पुकारलं. मग मागून कुणी तरी विचारलं, "रघ्या, शेल्या कपाटात बांधल्यास का रं? साड्यांच्या वर का खाली?"

पटांगण हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथ स्वतः येऊन अनुदान नको म्हणून लिहून देऊन गेला. वरून एकही चौकशी न होता, एकही अर्ज न होता. त्या शेळ्या गावातल्या एका खऱ्या गरजू बाईला मिळाल्या. त्या दिवशी मला वाटलं, नोकरीत मी पहिल्यांदाच काही तरी केलं.

शेवटी घरकुलं. सहाही वाडीवरची. "शासनाकडून आणि सरपंच आप्पांकडून ठकी लाड्या वाघमारे हीस घरकुलाचा आहेर..." आणि पुढे रक्कम, दोनदा. बुवांच्या तोंडात तीस वर्षांचं वळण बसलेलं. आहेर हा शब्द आपोआप आला आणि आप्पांचं नावही. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. दोन्ही गोष्टी मला खटकल्या. पण समोर एवढी गर्दी, एवढा उत्साह. मी मान डोलावली.

चार दिवसांनी आप्पांनी मला जेवायला बोलावलं. गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी दोनदा वाढून घेतलं. रस्सा इतका चांगला झाला होता की मी आप्पांच्या बायकोला, वहिनींना, तसं म्हणालो.

"वारीवरशी आल्यान कोंबऱ्या," त्या म्हणाल्या. वारी म्हणजे वाडी, इथल्या बोलीत ड चा र होतो. "पाच घरची मानसं येऊन देऊन गेली. प्रेमाची हायेत बिचारी."

मी तिसरी भाकरी मोडली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी करारनाम्यावर अंगठे घ्यायला वाडीवर गेलो. घरकुलाचं असं असतं, की लाभार्थीने करारनाम्यावर अंगठा दिला, पाया खणला, की पहिला हप्ता मिळतो. अंगठा नाही तर पैसा नाही आणि मार्च तोंडावर आला होता. यादीत पहिलं नाव ठकीचं. नवरा वारलेला, पदरात दोन मुलगे, घर म्हणजे कारवीचा कूड आणि वर पेंढा. ती बाहेर जाळं दुरुस्त करत बसली होती. वाडीवर 'तुम्ही' फारसं कुणाला म्हणत नाहीत, मलाही नाही.

"माझं नाव काढ," ती म्हणाली.

"का गं?"

"माझ्याकडं कोंबडी नाय."

"कोंबडीचा काय संबंध?"

तिने माझ्याकडे, समजूत कमी असलेल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "लग्नात आहेर पुकारतात. ज्यानं घेतला त्यानं फेडायचा. ह्या लोकांनी कोंबड्या नेल्या, ती नुसती सुरुवात हाय. कोंबडीनं घर फिटतं काय? पाऊस सरला का आप्पा बोलवील भट्टीवर. माझी पोरं तिथंच म्हातारी व्हतील."

भट्टीवर उचल घेतलेली घरं मी पाहिली होती. पावसाळ्यात हातात पैसे घ्यायचे आणि मग हंगामभर विटा पाडून फेडायचे. ते कधी पूर्ण फिटत नाहीत, पुढच्या पावसात पुन्हा उचल. ठकी वाडीतल्या त्या थोड्या बायांपैकी, ज्यांनी नवरा गेल्यावरही उचल घेतली नव्हती. मासे, खेकडे, लाकूडफाटा, शेतावरची मजुरी, काय मिळेल त्यावर तिने पोरं भट्टीपासून लांब ठेवली होती.

"ठके, हे आप्पांचे पैसे नाहीत. सरकारचे आहेत."

"पुकारताना आप्पाचं नाव घेतलंस."

"मी नाही, बुवांनी घेतलं."

"तू बाजूलाच बसला व्हतास," ती म्हणाली आणि पुन्हा जाळ्याकडे वळली.

आप्पांच्या ताटातल्या कोंबड्या कसल्या होत्या, ते मला आत्ता कुठे कळलं. तिचं ऐकून बाकीच्या पाच जणांनीही अंगठे आखडले. कोंबड्या तर त्यांनीच दिल्या होत्या; त्यांना वाटलं, एवढ्यावर सुटलो तर बरं.

पनवेलला जाऊन मी गटविकास अधिकाऱ्यांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण मार्च सगळ्यांचाच असतो. "नको म्हणतात तर लिहून घ्या आणि प्रतीक्षा यादीतली पुढची नावं घ्या. खर्च पडला पाहिजे." प्रतीक्षा यादीतली पुढची नावं पक्क्या घरांत राहणाऱ्यांची होती. कोण कुणाचा कोण, ते मला ठाऊक होतं.

मी बुवांकडे गेलो. झालेलं सांगितलं. "मना पन घेऊन चला वारीवर," बुवा एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा वाडीतली माणसं नदीच्या आटत आलेल्या डोहातून मासे धरून परतली होती. अंगणात सागाची पानं मांडली होती आणि एक जण प्रत्येक पानावर मासे घालत होता. लहान, मोठे, एखादा खेकडा, पुन्हा एका पानावरचं उचलून दुसऱ्यावर, सगळे वाटे सारखे दिसेपर्यंत. मग वाडीतला सोमा म्हातारा पानांकडे पाठ करून बसला. दुसऱ्याने एका वाट्यावर काठी टेकवली आणि विचारलं, "ह्यो कोनाचा?"

"काळ्याचा," म्हातारा समोरच्या झाडाकडे बघत म्हणाला.

"ह्यो कोनाचा?"

"ठकीचा."

ठकी त्या दिवशी डोहावर गेलीच नव्हती. धाकटा तापाने पडला होता म्हणून घरी होती. बुवांनी विचारलं, "ती कुठं आली व्हती मासे धरायला?"

"वाडीतली हाय ना," सोमा म्हणाला.

"मंग ती परत कधी देनार?"

अंगणातली सगळी माणसं हसली. पोरंसुद्धा हसली. "वाटा कोन परत देतं, बुवा? वाटा म्हंजे काय आहेर हाय?"

येताना बुवा निम्म्या उतारावर थांबले. म्हणाले, "भाऊसाहेब, आपन ह्यांचं लगीनच चुकीचं लावलं. परत पुकारायला लागंल. आनि पुकारनारा पाठ करून बसंल."

नावं तर ठरलेली होती, ती बदलायची नव्हती. पण एक गोष्ट वाटायची राहिली होती. वाडीलगतच्या गावठाणात सहा घरांच्या जागा आखायच्या होत्या. एक रस्त्याला लागून, एक उंचवट्यावर, एक ओढ्याच्या कडेला, जिथे पावसात पाणी अंगणापर्यंत येणार. कोणती जागा कुणाला, हे सहसा सरपंच मनाने ठरवत. बुवांचं म्हणणं होतं की ते वाडीच्या रीतीने, वाडीत, सगळ्यांसमोर व्हावं, आणि पाठ करून आप्पांनी बसावं.

आप्पांकडे जायचं काम माझ्याकडे आलं. मी शब्द जुळवत गेलो होतो, पण ओटीवर बसल्यावर सगळे विसरलो आणि कोंबड्यांपासूनच सुरुवात केली. त्या प्रेमाच्या नव्हत्या, भीतीच्या होत्या, आणि आपण दोघांनी खाल्ल्या, असं सरळ सांगितलं. आप्पा भडकतील, बदली करवतील, अशी माझी तयारी होती.

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "मना ती घाबरतान?"

मी मान डोलावली.

"मी कवा कोनावर हात उचलला नाय." त्यांनी पुन्हा तंबाखू मळायला घेतली. "आनि माझा नाव घ्यायचाच नाय का?"

"नावं तुम्हीच घ्यायची, आप्पा. सहाही. फक्त त्यांच्याकडं पाठ करून."

"म्हंजे मी म्हातारा सोम्या."

"हो."

ते हसले. मोठ्याने नाही. "सोम्याला वारीत कोन घाबरत नाय," असं स्वतःशीच म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळून चहा सांगितला.

कोंबड्यांची परतफेड आप्पांनी न सांगता केली. पनवेलच्या बाजारातून पाच पांढऱ्या ब्रॉयलर आणून वाडीवर धाडल्या. बायकांनी त्या हातात घेऊन, फुंकर मारून पिसं बघितली. "ह्या कोंबड्या का कापूस?" त्यांच्यातली एकही महिनाभर जगली नाही, पण देणं फिटल्याचं वाडीने मान्य केलं.

मग तो दिवस. गावठाणात चुन्याने सहा चौकोन आखलेले. मधोमध शाळेतून आणलेली खुर्ची आणि तिच्यावर आप्पा, डोंगराकडे तोंड करून, पांढऱ्या टोपीत. सगळं गाव बघायला लोटलेलं. लाऊडस्पीकर नव्हता, बुवांनी नको म्हटलं. त्यांनी आधी घरकुलाची रक्कम सांगितली, एका घराला किती, कोणत्या कामाला किती हप्ता, कधी मिळणार. आकडे दोनदा. मग म्हणाले, "ह्यो आहेर नाय. कोनी देनारा नाय. सगल्या देशाच्या डोहातला ह्यो वाटा हाय, तुमच्या पानावर आला. परत करायचा नाय. कोनी मागितला तर भाऊसाहेबाला सांगायचं." माझ्या नोकरीत मी ऐकलेलं अनुदानाचं हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत बरोबर स्पष्टीकरण. त्याआधी मी परिपत्रकांची पानं पाठ केली होती.

बुवांनी पहिल्या चौकोनात काठी टेकवली. "ह्यो कोनाचा?"

"काल्याचा," आप्पा डोंगराला म्हणाले.

रस्त्यालगतची जागा गेली, उंचवट्यावरची गेली. ओढ्याच्या कडेच्या चौकोनात काठी टेकली तेव्हा आप्पांच्या तोंडून ठकीचं नाव आलं. गर्दीतून चक् चक् असा आवाज निघाला. आप्पांना राहवलं नाही, त्यांनी वळून पाहिलं. माणूस खरोखर ओशाळला. "ठके, मी बघितला नव्हता. बदलून देऊ का? वरची जागा..."

ती हो म्हणाली असती तर पुन्हा आप्पांनी दिलेलं घर झालं असतं. नाही म्हणून निघून गेली असती तर सगळंच संपलं असतं.

"नको, आप्पा," ठकी म्हणाली. "पाठ करून बोललास ते खरं. आता तोंड करून नको बोलू."

आप्पा पुन्हा डोंगराकडे वळले. उरलेलं नाव त्यांनी जरा घोगऱ्या आवाजात घेतलं. मग ठकी माझ्याकडे आली आणि अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड काढला. तिच्यामागे बाकीचे पाच ओळीने उभे राहिले.

ती सहाही घरं उभी राहिली, मार्चअखेरच्या आत पायापर्यंत आली आणि पुढच्या पावसाच्या आत छपरापर्यंत. ठकीने ओढ्याच्या बाजूला धाकट्याच्या मदतीने दगडांची पाळ घातली. पाणी पहिल्या वर्षी अंगणात आलं, दुसऱ्या वर्षी आलं नाही. तिचा कुठलाच मुलगा भट्टीवर गेला नाही. थोरला नंतर जासईकडच्या कंटेनर यार्डात लागला. त्या पंचायतीत मी होतो तोवर प्रत्येक अनुदान, छोटं असो मोठं असो, बुवांनी पुकारलं, आणि 'यादी प्रसिद्ध केली' या दाखल्यावर सही करताना मला पेन जड वाटलं नाही. शेजारच्या दोन पंचायतींनी ही रीत उचलली. साहेबांनी सभेत 'अभिनव पद्धत' म्हणून उल्लेख केला, पण बुवांचं नाव त्यांना आठवलं नाही. मी उभं राहून सांगितलं. सभेत मी आपणहून उभा राहिलो असा तो एकमेव प्रसंग.

पुढे माझी बदली पनवेलला झाली. आता विस्तार अधिकारी आहे. इतरांचे प्रसिद्धीचे दाखले माझ्याकडे येतात आणि 'दवंडी देऊन' असं लिहिलेलं दिसलं की मी फोन करून विचारतो, कुणी दिली. माझ्या या सवयीला ग्रामसेवक मंडळी वैतागतात. वैतागू देत.

बदलीच्या वेळी निरोप घ्यायला वाडीवर गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. डोहावरून माणसं आली होती, पानं मांडली होती. मी कडेला उभा राहून बघत होतो. सोमा म्हातारा आता कानाने अधू झाला होता. त्याच्या पाठीवर थाप मारून विचारावं लागे.

"ह्यो कोनाचा?"

"भाऊसाहेबाचा."

मला वाटलं, नव्या ग्रामसेवकासाठी असेल, तो अजून यायचा होता. पण ठकीने पान उचललं, दुमडलं, वेलीने बांधलं आणि माझ्या हातात दिलं. माझा दुसरा हात आपोआप खिशाकडे गेला. ती म्हणाली, "हात काढ खिशातून. बुवानं काय सांगितलं व्हतं?"

पनवेलच्या एसटीत कंडक्टरने नाक मुरडलं आणि मासे घेऊन पुढच्या सीटवर कशाला बसलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझा वाटा आहे." पुडी मी मांडीवरच ठेवली. घरी बायकोने रस्सा केला आणि त्या रात्री मी दोनदा वाढून घेतलं.